आई-बाबांना फ्रँकफर्टला १ तास १० मिनिटांचं कनेक्शन पुरेल का?

जुळेसोलापूर_२१
नमस्कार मंडळी. जरा घाईतच विचारतोय, तिकीट उद्या रात्रीपर्यंतच होल्डवर आहे. ताई बोस्टनला असते, तिचं बाळंतपण आहे म्हणून आई-बाबा चाललेत. बाबा ६८, आई ६३. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास, आणि विमानात म्हणाल तर आजवर एकदाच बसलेत, पुणे-दिल्ली. आईचे गुडघे दुखतात. इंग्रजी बाबांना वाचता येतं, बोलायला जरा अडखळतात. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, त्यामुळं वेळेच्या बाबतीत एकदम पक्के, पण तिथं सोबत कोणी नाही म्हणून जीव खालीवर होतोय.

तीन पर्याय आहेत. पहिला, मुंबई-फ्रँकफर्ट-बोस्टन एकाच तिकिटावर, मध्ये १ तास १० मिनिटं. दुसरा, तेच विमान पण पुढचं कनेक्शन दुपारचं, मध्ये सव्वाचार तास, दोघांचे मिळून ९ हजार जास्त. तिसरा, दुबईमार्गे दोन वेगवेगळी तिकिटं, मध्ये चार तास, आणि हे पहिल्यापेक्षा २२ हजारांनी स्वस्त. ताई म्हणते पहिला घे, लवकर पोचतील. मला कळेना. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

कडकभाकरी
पहिला घे बिनधास्त. मी फ्रँकफर्टला ५५ मिनिटांत केलंय. कंपनी तिकीट विकते म्हणजे तेवढ्या वेळात होतं, त्याला मिनिमम कनेक्टिंग टाइम म्हणतात. फ्रँकफर्टला एकाच टर्मिनलमधल्या बऱ्याच कनेक्शनांना ४५ मिनिटं धरतात, व्हिएन्नाला तर २५. एवढं टेन्शन कशाला घेऊलालास बे.

अक्का_अशोकचौक
कडकभाकरी, तू ५५ मिनिटांत केलंस ते खरं असेल, पण तुझं वय काय आणि खांद्यावर एक सॅक सोडून दुसरं काय होतं सांग बरं. ४५ मिनिटं हा आकडा वाट माहीत असलेल्या, धडधाकट चालणाऱ्या माणसाचा आहे.

आम्ही दोघं तीन वर्षांपूर्वी लेकाकडं गेलो तेव्हा दीड तासाचं कनेक्शन होतं, युरोपातल्याच एका मोठ्या विमानतळावर. विमान वेळेवर उतरलं. पण उतरणं म्हणजे बाहेर पडणं नव्हे ना. विमान लांब कुठंतरी उभं केलं, जिना लावला, मग बस. ती बस भरेपर्यंत हलेना. आत आलो तर परत सिक्युरिटी. मला वाटलेलं मुंबईत झाली ती झाली. तिथं माझ्या बांगड्या वाजल्या म्हणून बाजूला घेतलं, यांचा पट्टा काढायला लावला, औषधांची पिशवी उघडून एकेक बाटली बघितली. ते बिचारे नीटच बोलत होते, पण ह्यांच्या हाताला घाम सुटलेला, एका हातानं पँट धरलेली आणि दुसऱ्या हातानं ट्रे ओढत होते. गेटला पोचलो तेव्हा आमची नावं पुकारत होते. बसायला मिळालं, पण पुढचे दोन तास ह्यांचं बीपी काही खाली येईना. आईचे गुडघे दुखतात म्हणतोस, मग ९ हजार बघू नकोस बाळा.

कडकभाकरी
अक्का, मान्य. सॅकच होती आणि वय ३१. आईचे गुडघे माझ्या ध्यानातून सुटले. तरी पण तिसऱ्यापेक्षा पहिला कधीही बरा.

होटगीरोड
मी बारा वर्षं तिकीट बुकिंगच्या धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोक मिनिटं मोजत बसतात, पण आधी बघायचं ते पीएनआर एक आहे की दोन. एका पीएनआरवर पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीचं काम, वेगळे पैसे नाहीत. बॅगेला टॅगही शेवटच्या गावाचा लागतो. दोन वेगळ्या तिकिटांवर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी, बस्स. तिकीट बुडालं, ऐन वेळेचं नवीन घ्या. आणि बॅगा मध्येच उतरवून घ्याव्या लागल्या तर इमिग्रेशन पार करून बाहेर यायचं, म्हणजे त्या देशाचा व्हिसा, मग परत चेक-इनची रांग, परत सिक्युरिटी. चार तासांतले तीन तिथंच जातात. तुमचे २२ हजार वाचलेले दिसतात ते ह्या धोक्याचे आहेत. तिसरा पर्याय कागदावरून खोडूनच टाका.

आता पहिला का दुसरा. तिकिटावरची वेळ ही विमान हलण्याची असते, गेट त्याच्या आधीच बंद होतं. आपल्याकडं २० ते २५ मिनिटं आधी, आणि अमेरिकेच्या विमानाला बोर्डिंगच तासभर आधी सुरू करतात कारण गेटवर पासपोर्ट-व्हिसा पुन्हा बघतात. म्हणजे ७० मिनिटांतून २५ गेली. विमानाच्या मागच्या रांगेतून बाहेर पडायला १५ ते २० लागतात. राहिली २५ ते ३०, त्यात चालणं आणि सिक्युरिटी. भारतातून फ्रँकफर्टला उतरून अमेरिकेला जाताना जर्मनीचं इमिग्रेशन लागत नाही, युरोपात आत शिरायचं असेल तरच ते. पण सिक्युरिटी परत होते. म्हणून दुसरा घ्या. सव्वाचार तास म्हणजे निवांत डबा खाऊन, बाथरूमला जाऊन, गेटसमोर बसणं.

नान्नज_माळढोक
होटगीरोड यांना +१. एक भर. अमेरिकेत जिथं पहिल्यांदा उतरतो तिथंच इमिग्रेशन होतं आणि बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात, टॅग शेवटच्या गावाचा असला तरी. म्हणून अमेरिकेच्या आत कनेक्शन असेल तर कमीत कमी तीन तास ठेवा. तुमचं फ्रँकफर्टहून थेट बोस्टन आहे, त्यामुळं हा प्रश्न येत नाही. अबुधाबीहून गेलं तर अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीतच उरकतं, पण मग तिथंच जास्त वेळ धरायचा.

शेंगाचटणी
मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालंय तर मी महत्त्वाचं विचारते. चटणी किती नेताय?

जुळेसोलापूर_२१
आईनं तीन किलो करून ठेवलीय 😀 ताईला डोहाळेच शेंगा चटणीचे लागलेत.

शेंगाचटणी
मग ऐका, मी ह्यातून गेलेय. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत पावडरसारखी वस्तू ३५० मिलीपेक्षा जास्त असेल तर वेगळी तपासतात, आणि पटलं नाही तर ठेवून घेतात. २०१८ पासून हा नियम आहे. चटणी, मेतकूट, हळद सगळं त्यात आलं. सगळी चटणी चेक-इनच्या बॅगेत टाका, वर लेबल लावा. एक छोटी पुडी जेवणापुरती हातात ठेवली तर चालते. माझ्याकडून एकदा अख्खा डबा उघडून घेतला आणि त्या तपासणीत १५ मिनिटं गेली. कनेक्शन कमी असेल तर ही १५ मिनिटं लई महाग पडतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर चेक-इनच्या बॅगेतूनही मुंबईतच काढून ठेवतात.

कडक भाकरी मात्र खुशाल न्या हातातल्या पिशवीत. आठ दिवस काही होत नाही तिला.

कडकभाकरी
माझं नाव निघालं म्हणून आलो. भाकरी स्टीलच्या डब्यात ठेवू नका, मशीनमध्ये काळं दिसतं आणि पिशवी उघडायला लावतात. कापडात गुंडाळा.

गड्डायात्रा
सगळे फ्रँकफर्टमध्ये अडकलेत, मी जरा मागं येतो. विमान मुंबईहून किती वाजता आहे? कारण युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तिथंच घोळ होतो.

आमच्या काकांच्या घरी झालेली गोष्ट सांगतो. तिकिटावर १४ तारीख, वेळ ००.५५. काकांनी १४ ला सकाळची सोलापूर-मुंबई गाडी काढली, दुपारी मुंबई, संध्याकाळी आरामात विमानतळ. काउंटरवरच्या मुलीनं तिकीट बघितलं आणि म्हणाली, काका, विमान काल रात्री गेलं. १४ तारीख म्हणजे १३ च्या रात्री जेवून निघायचं होतं. चार माणसांची तिकिटं गेली. काकू तिथंच ट्रॉलीवर बसून राहिल्या, काका सारखं कॅलेंडरच दाखवत होते. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाचंही तिकीट आलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर "ह्या रात्री घरातून निघायचं" असं लाल पेनानं लिहितो.

जुळेसोलापूर_२१
बाप रे. आमचं पण ०१.२० आहे!! आत्ता बाबांना दाखवलं, ते म्हणाले रातराणीच्या ड्युटीला आम्ही तारीख दोनदा लिहायचो, आदल्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवसाची. म्हणजे त्यांना बरोबर कळलेलं होतं, मलाच नव्हतं. धन्यवाद गड्डायात्रा, मी गाडीचं तिकीट त्याच तारखेच्या सकाळचं बघत होतो.

मग आता सोलापूरहून मुंबईला कसं पाठवू? रात्रीची सिद्धेश्वर की वंदे भारत? की हैदराबादहून विमान शोधायला हवं होतं?

होटगीरोड
आपलं सोलापूरकरांचं पहिलं कनेक्शन फ्रँकफर्टला नसतं, ते सोलापूर स्टेशनवरच असतं, आणि ते कुठल्याच पीएनआरवर नसतं. गाडी पाच तास उशिरा झाली तर विमान कंपनी काही तुमची वाट बघत नाही. म्हणून इथं सगळ्यात जास्त वेळ सोडा.

वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास निघून दुपारी साडेबाराच्या सुमारास सीएसएमटीला लागते. रात्री दहाला विमानतळावर असायचं तर मध्ये साडेनऊ तास मिळतात. सिद्धेश्वरनं आदल्या रात्री निघाले तर सकाळीच मुंबईत, म्हणजे अख्खा दिवस हातात, पण तो दिवस काढायला घर पाहिजे. नातेवाईक आहेत का कोणी?

बाळे_बायपास
हैदराबाद का नाही सांगत कोणी? सोलापूरहून ३०० किलोमीटरच्या आसपास, सरळ ६५ नंबर हायवे, पाटणचेरूजवळ रिंग रोडला लागायचं आणि थेट शमशाबाद विमानतळ, शहरात शिरायचंच नाही. मुंबईला पनवेलपासून पुढं ट्रॅफिकमध्ये जो वेळ जातो तो इथं जात नाही. पूर्व भागातली आमची अर्धी गल्ली शमशाबादहूनच जाते, तेलुगू येत असेल तर अजूनच सोपं.

अक्का_अशोकचौक
आम्ही पण शमशाबादच. पण त्याचं तिकीट मुंबईचं होल्डवर आहे रे.

पार्क_चौक
आता सोलापूरच्याच होटगी रोड विमानतळावरून मुंबईला विमान आहे की, २०२५ मध्ये गोव्याचं सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबईचंही. त्यानं का नाही?

होटगीरोड
चांगली सोय झाली, मी स्वतः गेलोय. पण ते वेगळं तिकीट, आणि एकच फेरी रद्द झाली तर तुम्ही सोलापुरातच. आदल्या दिवशीचं घेणार असाल तर जरूर घ्या. आणि मुंबईत कुठलं टर्मिनल ते बघा. टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला, टर्मिनल २ सहारला, मधून चालत जायची वाट नाही, रस्त्यानं फिरून जावं लागतं. आता तर नवी मुंबईचा विमानतळही चालू झालाय, डिसेंबर २०२५ पासून. तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई), तीन अक्षरं नीट वाचा. एका ठिकाणी उतरून दुसरीकडून उडायचं झालं तर मध्ये अख्खं शहर आहे.

सीएसएमटीहून सहारला आता भुयारी मेट्रो जाते, ॲक्वा लाइन, पण दोन-दोन मोठ्या बॅगा आणि गुडघेदुखी असेल तर दादरला किंवा ठाण्याला उतरून टॅक्सीच बरी.

जुळेसोलापूर_२१
आत्या ठाण्याला आहे. मग आदल्या दिवशीच वंदे भारतनं पाठवतो, एक रात्र आत्याकडं, दुसऱ्या रात्री विमान. मी पण जातो सोबत मुंबईपर्यंत. दुसरा पर्याय बुक केला आत्ताच, सव्वाचार तासांचा. ताईला समजावलं, तिचं म्हणणं एवढंच की तीन तास उशिरा पोचतील. अक्कांचं बीपीचं वाचून दाखवलं, मग गप्प झाली.

व्हीलचेअर मागू का आईसाठी? ती नको म्हणतेय, लोक काय म्हणतील.

अक्का_अशोकचौक
मागच. ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठीच आहे ती. ती मिळाली की माणूस सोबत मिळतो, आणि तोच वाट दाखवतो. भाषा येत नसली तरी काही अडत नाही.

नान्नज_माळढोक
थोडं वेगळं मत. व्हीलचेअरवाल्यांना बहुतेक वेळा विमानातून सगळ्यात शेवटी उतरवतात. कनेक्शन तासाभराचं असतं तर ह्यातच वेळ गेला असता. सव्वाचार तासांत काही अडचण नाही, पण कमी वेळ असणाऱ्यांनी हे धरूनच गणित करावं.

अक्का_अशोकचौक
बरोबर आहे तुमचं, आम्हालाही शेवटीच उतरवलेलं परतताना. पण पुढं रांगा वेगळ्या असतात, तिथं वेळ भरून निघतो.

होटगीरोड
४८ तास आधी कंपनीला कळवून नोंद करून घ्या आणि मुंबईत काउंटरवर पुन्हा विचारा, पुढच्या दोन्ही ठिकाणची नोंद दिसतेय का. दोन्ही बोर्डिंग पास मुंबईतच हातात घ्या. बॅगेच्या टॅगवर बीओएस (बोस्टन) दिसलं पाहिजे, एफआरए (फ्रँकफर्ट) नव्हे. हे बाबांनी स्वतः वाचावं.

म्युनिकचा_सोलापूरकर
उशिरा आलो धाग्यावर. हुकलंच तर काय, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी जर्मनीहून मुंबईला निघालो, पहिलं विमान तांत्रिक बिघाडानं दोन तास उशिरा, दुसरं हुकलं. एकच पीएनआर होता. ट्रान्सफर काउंटरवर गेलो, दुसऱ्या दिवशीचं विमान, हॉटेल, जेवण सगळं दिलं. आणि युरोपातून निघालेल्या प्रवासाला नियम आहे, शेवटच्या गावी तीन तासांपेक्षा जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीचंच असेल तर लांबच्या पल्ल्याला ६०० युरोपर्यंत भरपाई. मी अर्ज केला, मिळाली. धुकं-वादळ असेल तर भरपाई नाही, पण हॉटेल-जेवण तरीही. म्हणून हुकलं तर घाबरून तिकीट विकत घ्यायला धावायचं नाही, आधी त्याच कंपनीच्या काउंटरवर उभं राहायचं, एवढं आई-बाबांना सांगून ठेवा. हातातल्या बॅगेत दोन दिवसांची औषधं, चिठ्ठीसकट, आणि एक कपड्यांचा जोड.

फ्रँकफर्टचं टर्मिनल १ म्हणजे ए, बी, सी, झेड असे भाग. ए आणि झेड एकाच इमारतीत वर-खाली आहेत, आणि बी कडून तिकडं जायला भुयार आहे, आत सरकते पट्टे. अमेरिकेची विमानं झेडवरून बरीच सुटतात. बोर्डवर गेट बदलत राहतं, म्हणून बोर्डिंग पासवर छापलेल्या गेटवर विसंबू नका, दर अर्ध्या तासानं बोर्ड बघा.

गड्डायात्रा
आणि घड्याळ! फ्रँकफर्ट आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागं, थंडीत साडेचार. बोर्डिंग पासवर तिथली वेळ असते. मोबाइलनं आपोआप बदललं नाही तर बसून राहतील.

जुळेसोलापूर_२१
सगळं बाबांना वाचून दाखवलंय. त्यांनी एसटीच्या जुन्या वहीत पानभर लिहून घेतलं, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, फलाट. गेटला ते फलाटच म्हणतात. आता पोचले की कळवतो.

जुळेसोलापूर_२१
(तीन आठवड्यांनी) पोचले हो सुखरूप! कळवायला उशीर झाला, माफ करा, मध्ये ताईची डिलिव्हरी झाली, मुलगी झाली.

बाबांनी फोनवर सांगितलं तसं लिहितो. मुंबईहूनच विमान ५० मिनिटं उशिरा निघालं, फ्रँकफर्टला ४० मिनिटं उशिरा उतरलं. म्हणजे पहिला पर्याय घेतला असता तर हातात ३० मिनिटं राहिली असती आणि गेट कधीच बंद झालेलं. उतरताना आईला शेवटीच उतरवलं, नान्नज_माळढोक म्हणाले तसं. व्हीलचेअर घेऊन एक पंजाबी मुलगा आलेला, हिंदीत बोलला, आईची लोक-काय-म्हणतील ही भीती तिथंच संपली. बी वर उतरले आणि झेडला जायचं होतं, ते भुयार बाबांनी वहीत लिहिलेलंच होतं, त्यांनीच त्या मुलाला आधी सांगितलं. सिक्युरिटीत आईची भाकरीची पिशवी बघितली, वास घेतला, परत दिली.

बाबांनी दोन्ही हातांत घड्याळं बांधलेली. डाव्या हातात सोलापूरची वेळ, उजव्यात फ्रँकफर्टची. दर अर्ध्या तासानं बोर्ड बघून वहीत गेट लिहायचे. दोनदा तेच होतं, तिसऱ्यांदा बदललं, झेडमधलंच दुसरं. ताईनं त्या पानाचा फोटो पाठवलाय, एक गेट खोडून दुसरं लिहिलंय आणि पुढं बाबांच्या अक्षरात "फलाट बदल, ११.४०".

अक्का_अशोकचौक
डोळ्यात पाणी आलं बघ. मुलीला आशीर्वाद. आईचे गुडघे कसे आहेत?

शेंगाचटणी
अभिनंदन!! आणि चटणी?

जुळेसोलापूर_२१
गुडघे बरे आहेत अक्का. चटणी तीन किलो पूर्ण पोचली, लेबलसकट. परतीचं तिकीट आता काढायचंय, बोस्टन-फ्रँकफर्ट-मुंबई, आणि बाबा म्हणतात मुंबईहून सोलापूरला विमानानंच यायचं. मुंबईत किती वेळ सोडू?

होटगीरोड
अभिनंदन. परदेशातून आल्यावर मुंबईतच इमिग्रेशन, बॅगा घेणं, कस्टम्स, आणि सोलापूरचं तिकीट वेगळं म्हणजे पुन्हा चेक-इन, त्याचं काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतं. युरोपचं विमान रात्री येतं. त्या रात्री आत्याकडं ठाण्याला झोपू दे त्यांना, सोलापूरचं विमान दुसऱ्या दिवशीचं काढ.